यंत्राला पाजलेलं पाणी

मांडवखारच्या जलशुद्धीकरण केंद्रात धर्माजी चौदा वर्षं पाणी बघायच्या नोकरीला होता. बघायच्या म्हणजे बघायच्याच. पाणी ओढायला पंप होता, पंपाला हिरामण होता, तुरटी कालवायला दोन बाया होत्या. धर्माजीने दर तासाला काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचं, खिडकीतल्या उजेडाला धरायचं आणि ते किती गढूळ आहे ते वहीत लिहायचं. नगरपालिकेच्या यादीत या जागेचं नाव 'गढूळता निरीक्षण कामगार' असं होतं. ते गावात कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. लोक त्याला पाणीबघ्या म्हणत.

वहीत आकडे लिहायचे असा नियम होता. ओढ्याच्या कच्च्या पाण्यासाठी एक उभी काचेची नळी दिलेली होती. तिच्याखाली मेणबत्ती लावायची, वरून पाणी ओतत जायचं आणि ज्योत दिसेनाशी झाली की नळीवरचा आकडा वाचायचा. पण वाळूच्या थरातून गाळून आलेल्या पाण्यापुढे या नळीचं काही चालत नसे. नळी काठोकाठ भरली तरी ज्योत आपली दिसतच राही. तेव्हा गाळलेल्या पाण्यासाठी धर्माजीने स्वतःचीच मापं ठरवली होती. सगळ्यात वर 'निवळ', मग 'तांदळाचं तिसरं धुवण', मग 'ताकाची निवळी', मग 'पेज'. एका वर्षी लेखापरीक्षकाने 'कार्यालयीन वहीत खाद्यपदार्थांच्या नोंदी कशासाठी?' असा शेरा मारला. त्यावर 'सदर पदार्थ कोणीही सेवन केलेले नाहीत' असा लेखी खुलासा गेला आणि प्रकरण मिटलं.

धर्माजीला ही नोकरी आवडत असे. असं उघड म्हणणारा नगरपालिकेत तो एकटाच असल्यामुळे त्याच्याकडे जरा संशयानेच बघितलं जाई. खरं कारण एवढंच की केंद्र होण्याआधी, पटकीच्या सालात, तळ्याचं पाणी पिऊन त्याचा धाकटा भाऊ सदू दोन दिवसांत गेला होता. त्याबद्दल धर्माजी कधी बोलत नसे. पेला उजेडाला धरला की गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवी, एवढंच.

त्रेसष्ट सालच्या आषाढात यंत्र आलं.

मुंबईहून रेवसपर्यंत लाँचने आणि पुढे नगराध्यक्ष बाळाजीशेठच्या मिठाच्या ट्रकमधून. दुभत्याच्या कपाटाएवढी करडी लोखंडी पेटी. आत एका बाजूला दिवा, समोरच्या बाजूला विजेचा डोळा आणि दोघांच्या मधून काचेच्या नळीतलं पाणी सतत वाहतं. पाणी गढूळ झालं की डोळ्याला दिवा कमी दिसणार, आणि बाहेर सावकाश फिरणाऱ्या गोल कागदावर पेनाची रेघ वर चढणार. धर्माजी तासाला एकदा बघायचा; हे रात्रंदिवस बघणार होतं. शिवाय याला जेवायची सुट्टी नको होती.

यंत्राबरोबर सरकारी खात्याचे इंजिनियर आले, हमीदसाहेब. मूळचे मुरूडचे, मुंबईत शिकलेले, तिशीतले, कमी बोलणारे. बाळाजीशेठनी पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूची माळ घातली. हमीदसाहेब हात पुढे बांधून अदबीने बाजूला उभे राहिले. आटोपल्यावर त्यांनी धर्माजीला जवळ बोलावून पेटी उघडून दाखवली.

"धर्माजी, ही काच बघा. सगळं हिच्यावर आहे. हिच्यावर घाण बसता कामा नये. बाकी या यंत्राला काही लागत नाही."

"न्हाय बसनार, सायेब," धर्माजी म्हणाला.

मग बाळाजीशेठचं भाषण झालं. तीन महिने यंत्राची परीक्षा. रेघ व्यवस्थित आली तर हमीदसाहेब दाखला देतील, गढूळता निरीक्षण कामगार ही जागा रद्द होईल, आणि धर्माजीच्या दीर्घ सेवेची कदर म्हणून त्याला जकात नाक्यावर घेण्यात येईल. टाळ्या पडल्या.

टाळ्या मनापासून होत्या. जकात नाक्यावरचा माणूस म्हटलं की मांडवखारात मुलींचे बाप पत्रिकासुद्धा बघत नसत.

"धर्माजीभाऊ, नशीब काढलंस," हिरामण म्हणाला. "आंब्याची पेटी सुटली की वरचे चार आपले. सुकटीचं पोतं गेलं की मूठभर सुकट आपली. काय न्हाय तिथं?"

"पानी न्हाय," धर्माजी म्हणाला.

"हातपंप हाय की."

धर्माजी पेला घेऊन खिडकीकडे गेला.

यंत्रामुळे आपली जागा जाणार म्हणून त्याने यंत्राचा राग धरला असता तर पुढचं काही झालंच नसतं. पण तो त्याचा स्वभाव नव्हता. लांबून आलेला पाहुणा, काचेसारखा नाजूक, बोलता येत नाही, आणि घाण चालत नाही असं साहेब बजावून गेलेले. मांडवखारात प्रत्येक घरच्या नळाला जुन्या कापडाची चौपदरी घडी बांधलेली असे. पाणी नगरपालिकेचं असो की देवाचं, ते गाळल्याशिवाय हंड्यात घ्यायचं नाही, अशी पद्धत. तेव्हा साहेबांची गाडी वळणाआड गेल्याबरोबर धर्माजीने घरून आवडाबाईच्या जुन्या तांबड्या लुगड्याचा तुकडा आणला, पाहुण्यासाठी म्हणून आठपदरी केला, आणि यंत्राकडे पाणी नेणाऱ्या तोटीच्या तोंडाला सुतळीने घट्ट बांधला. पूजेतलं कुंकू त्याच्या हाताला होतंच. त्याची बोटं कापडावर उमटली.

दर शनिवारी तो ते कापड सोडून धुई; कुंकवाचे डाग मात्र गेले नाहीत. आत बोटभर तांबडा गाळ निघे. तो बघून धर्माजीला समाधान वाटे. एवढी घाण यंत्राच्या तोंडात जाता जाता राहिली.

कागदावरची रेघ तळाला चिकटली ती चिकटलीच.

श्रावणात ओढ्याला लोंढा आला. डोंगरावरची माती धुऊन पाणी विटकरीच्या रंगाचं झालं. त्यातून केंद्रातल्या गाळणीची वाळू झिजलेली होती. कमरेएवढा असलेला थर गुडघ्याला आला होता. नव्या वाळूसाठी धर्माजीने दोन वर्षांत पाच अर्ज लिहवून घेतले होते. गाव समुद्राच्या काठावर असल्यामुळे वाळू विकत घेणं कमिटीला पटत नव्हतं. 'किहीमला फुकट पडली आहे' असं एका सभासदाने सुचवलं होतं. त्या वाळूत मीठ आणि शिंपले असतात, हे त्यांना कोण सांगणार? अर्धी कमिटी मिठाचाच धंदा करणारी होती.

तर पाणी बिघडलं. आणि यंत्राची रेघ हलली नाही.

खानावळवाली वेणूबाई भरला तांब्या घेऊन नगरपालिकेत गेली. बाळाजीशेठनी तिला खुर्ची दिली आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे यंत्राचे गोल कागद ओळीने चौकटी करून लावले होते.

"वेणूबाई, ही रेघ बघा. कुठे वर गेलीय?"

"रेघ न्हाय बघत मी. ह्यो तांब्या बघा."

"तांब्या घासता कशाने?"

"चिंचेनं."

"मग चिंचेने पाणी फाटत असेल."

वेणूबाईने दुसऱ्या दिवशी राखेने तांब्या घासला. पाणी तसंच. पण आता तिलाही खात्री राहिली नव्हती. आठवडाभरात अर्ध्या गावाने आपापले हंडे उन्हात उलटे घालून ठेवले, आणि कमिटीने 'शहरास होणारा पाणीपुरवठा निवळ असल्याबद्दल' एकमताने समाधान व्यक्त केलं. ठरावाची प्रत अलिबागला कलेक्टर कचेरीत गेली. एक जास्तीची प्रत पालीच्या गणपतीपुढे ठेवायला पाठवली होती, असंही म्हणतात.

धर्माजीला वही लिहायची आता मनाई होती, पण पेला हातातून सुटत नव्हता. पेला 'पेज' सांगत होता, यंत्र 'निवळ'. यंत्र परदेशातून आलेलं. खोटं बोलायला त्याला इथलं कोण ओळखीचं होतं? म्हणजे चूक आपल्याच डोळ्यांची. एका सोमवारी रजा टाकून तो अलिबागच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, परत तक्ता वाचून घेतला.

"वय काय तुमचं?"

"चौपन्न."

"माझं एकेचाळीस. तुमचे डोळे मला द्या आणि माझे घेऊन जा. दिसत नाही असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"यंत्र," धर्माजी म्हणाला. डॉक्टरांनी त्याला झोपेची गोळी लिहून दिली.

असं करत आश्विन आला. परीक्षेचा शेवटचा सोमवार दोन दिवसांवर राहिला. हमीदसाहेब येणार, दाखला देणार. बाळाजीशेठनी हार सांगून ठेवला होता. शनिवारी धर्माजीने कापड धुवायला घेतलं तर ते एका बाजूने हातात फाटलं. तेवढ्यापुरतं त्याने तेच परत बांधलं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा तो आवडाबाईला म्हणाला, "अगो, लुगड्याचा आनखी येक तुकडा दे. पयला गेला."

"तीन म्हैन्यांत लुगडं गेलं?" आवडाबाई भात वाढत होती. "माज्या अंगावं सात वर्सं टिकलं त्ये. काय खातं का काय तुमचं यंत्र?"

"खाईल कसं? गाळ बसतो त्यात. बोट बोट गाळ. त्यानं कुजलं."

"कसला गाळ?"

"पान्यातला."

आवडाबाईचा हात थांबला. "पानी निवळ हाय ना पन? तुमचा शेट सांगतो ना कागूद दाखवून?"

"व्हय. निवळच जातंय यंत्रात. मी गाळूनशान देतो ना."

"त्याला गाळून."

"व्हय."

"आनि गावाला?"

धर्माजीचा घास हातातच राहिला. आवडाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग आणखी भात वाढला, कारण आता याला वेळ लागणार हे तिला कळलं होतं.

तो दिवस आणि दुसरा दिवस धर्माजीने विचारात काढला. विचार अवघड नव्हता, पण तो कुठूनही सुरू केला तरी एकाच ठिकाणी येऊन बसत होता. कापड तसंच ठेवलं, तर सोमवारी दाखला मिळतो, आपण नाक्यावर जातो, आणि गाव शिक्कामोर्तब झालेला चिखल पीत राहतं. बघायलासुद्धा कुणी उरत नाही. कापड काढलं, तर रेघ खरी येते; म्हणजे यंत्र खरं ठरतं, म्हणजे आपली जागा जातेच. वर सरकारी यंत्राशी छेडछाड केली म्हणून नाकाही जातो. एका बाजूला ही जागा जात होती, दुसऱ्या बाजूला नोकरी आणि अब्रू दोन्ही. हिशेब करणाऱ्या माणसाने यात फार वेळ घालवला नसता. धर्माजीला रविवारची संध्याकाळ झाली.

"सांगून टाका सायबाला," आवडाबाई म्हणाली. "काय करील? खाईल?"

"कामावरनं काढतील."

"मंग सदू भावोजींसाठी काय जलमभर पेलं धरलंत?" ती म्हणाली आणि दिवा लावायला गेली.

सोमवारी सकाळी हमीदसाहेब पहिल्या एस.टी.ने आले. बाळाजीशेठ यायला अजून तास होता. धर्माजी त्यांना थेट तोटीपाशी घेऊन गेला आणि कापडावर हात ठेवून म्हणाला, "सायेब, ह्ये मी बांधलंय. पयल्या दिवसापासनं. यंत्राला मी पानी गाळून दिलंय. रेघ खोटी हाय."

हमीदसाहेबांनी कापडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे गाळायला बांधलंय?"

"व्हय. तुमी बोल्लात, काचंवर घान बसता कामा नये."

"मी म्हटलं होतं." साहेब पिंपावर टेकले. "धर्माजी, मी दर महिन्याला इथे आलो. दर वेळी हे कापड बघितलं. तांबडं, वर कुंकवाची बोटं. मला वाटलं पूजेचं आहे."

"पूजेचं?"

"नारळ फोडला होता ना तुम्ही लोकांनी. म्हटलं, त्यातलंच काही असेल. मी कसा हात लावणार? उगाच कुणाला वाटायचं, हमीदने आमच्या देवाचं सोडलं."

तुरटीच्या टाकीत बाया काठ्यांनी ढवळत होत्या, तो आवाज तेवढा येत होता.

"इचारायचं तरी," धर्माजी म्हणाला.

"हो. आणि तुम्ही सांगायचं तरी."

"कुनाला सांगायचं? पाहुन्याला पानी गाळून दिलं, ह्ये सांगत्यात का?"

हमीदसाहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी रुमालात पुसलं. मग ते म्हणाले, "सोडा ते. तुम्हीच सोडा."

धर्माजीने सुतळी सोडली. तोटीतून पाणी सरळ पेटीत गेलं. पेन थरथरलं, आणि तीन महिने तळाला झोपलेली रेघ सावकाश उठून कागदाच्या वरच्या काठाला जाऊन टेकली. धर्माजीने सवयीने पेला भरून उजेडाला धरला. "पेज," तो म्हणाला. हमीदसाहेबांनी पेनावरचा आकडा पाहिला आणि मान हलवली.

बाळाजीशेठ हार घेऊन आले ते नेमके या वेळी. रेघ बघून ते दारातच थांबले.

"बिघडलं?"

"आत्ता सुरू झालं," हमीदसाहेब म्हणाले, आणि झालेला प्रकार त्यांनी सांगितला.

बाळाजीशेठनी तो शांतपणे ऐकून घेतला. मिठाच्या धंद्यात माणूस अवकाळी पावसालाही सरावलेला असतो. मग त्यांनी विचारलं, "ते कापड परत बांधता येईल का?"

"येईल. पण मग रेघ यंत्राच्या पाण्याची येईल, गावाच्या नाही."

"असं कसं? गावात प्रत्येक नळाला कापड आहे. लोक गाळून पितात, यंत्र गाळून पितं. उलट आता फरक पडला."

खात्याच्या पुस्तकात हा मुद्दा घेतलेला नव्हता.

"शेटजी," हमीदसाहेब म्हणाले, "दाखला मी देऊ शकत नाही. यंत्र दुरुस्त करावं लागेल."

"करा. त्यासाठी सरकारकडून रक्कम आहे ना?"

"आहे. दुरुस्ती म्हणजे गाळणीत नवी वाळू घालायची. कमरेपर्यंत. ती घातली की रेघ आपोआप खाली येईल."

बाळाजीशेठनी थोडा विचार केला. वाळू म्हणून जी गोष्ट पाच अर्जांत मंजूर झाली नव्हती, ती यंत्राचा सुटा भाग म्हणून त्यांना एकदम पटली. "भाग परदेशातून मागवावा लागेल का?" एवढंच त्यांनी विचारलं. नदीची चालेल, असं कळल्यावर त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"आणि हा?" त्यांनी हाराच्या टोकाने धर्माजीकडे दाखवलं. "तीन महिने कमिटीला खोटं पाडलंस रे धर्मा. कलेक्टर कचेरीत ठराव गेलाय. नाका तर विसरच, उद्यापासून घरी बस."

धर्माजीने हात जोडले नाहीत. तो नुसता पेला पुसत उभा राहिला. चौपन्न वर्षांचा माणूस, दुसरं काही काम येत नाही, आणि हातातलं शेवटचं पाणी पेज.

"घरी नाही बसवता येणार," हमीदसाहेब म्हणाले. "यंत्र सरकारी आहे. छेडछाड झाली तर रीतसर चौकशी करावी लागते. खात्यामार्फत."

"मग करा की."

"करतो. आजच नोटीस काढतो. पण शेटजी, नियम तुम्हाला माहीतच आहे. चौकशी संपेपर्यंत संबंधिताला कामावरून काढता येत नाही, त्याची बदली होत नाही, आणि तो ज्या जागेवर आहे ती जागाही रद्द करता येत नाही."

बाळाजीशेठना नियम माहीत नव्हता. पण माहीत नाही असं हाताखालच्या माणसासमोर म्हणणं शक्य नव्हतं. "अर्थातच," ते म्हणाले. "चौकशी अधिकारी कोण?"

"मी," हमीदसाहेब म्हणाले.

हार यंत्रालाच घालण्यात आला. हमीदसाहेबांनी या वेळी तो कुठे कुठे लोंबतो हे नीट तपासून घेतलं.

संध्याकाळी धर्माजी घरी आला तेव्हा आवडाबाई ओटीवरच उभी होती.

"काय झालं?"

"चौकशी लागली."

"अगबाई. आनि काम?"

"हाय. चौकशी सपेस्तवर हाय."

"कवा सपायची?"

"सायेब बोल्ले, पयला प्रश्न दिवाळी झाली की धाडतो. म्हनले, उत्तर द्याया घाई करू नका, प्रश्न आधी नीट समजून घ्या."

आवडाबाईने यावर विचार केला. "बरा मानूस हाय," ती म्हणाली. "जेवाया का न्हाय आनलंत?"

वाळू मार्गशीर्षात आली, आणि रेघ खाली उतरली, ती कापडाशिवाय. वेणूबाई चिंचेनेच तांब्या घासू लागली. यंत्राच्या शेजारी एका स्टुलावर धर्माजी दर तासाला पेला उजेडाला धरत असे. यंत्र आणि तो दोघं एकाच पाण्याकडे बघत, आणि बहुतेक वेळा दोघांचं एकमत होई. नाही झालं तर आधी यंत्राची काच पुसत आणि मग पाण्याचं बघत. पुढे हमीदसाहेबांची बदली नाशिकला झाली. जाताना चौकशीची फाईल ते बरोबर घेऊन गेले, कारण काम अपुरं ठेवणं त्यांना आवडत नसे.

धर्माजी सदुसष्ट साली वयोमानानुसार निवृत्त झाला, तेव्हा त्या फाईलीत एकूण तीन प्रश्न आणि दोन उत्तरं होती. तिसरा प्रश्न त्याला अजून नीट समजलेला नव्हता.